उंदराला दिसतं, माणसाला दिसत नाही

जून संपत आला की मीरा-भाईंदरच्या दवाखान्यांत एक प्रश्न ठरलेला असतो : 'पाण्यातून चालत गेला होतात का?' ताप, डोकेदुखी, डोळ्यांत लाली आणि पोटऱ्यांत ठणका घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर हे आधी विचारतात. लेप्टोस्पायरोसिसची शंका यायला रक्ताच्या रिपोर्टाआधी एवढाच धागा हाताशी असतो. शहराची ठेवणही तशीच आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तन-डोंगरीचा समुद्र, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मधल्या सखल पट्ट्यात पूर्वी भातखाचरं आणि मिठागरं होती, तिथे आता इमारतींच्या रांगा आहेत. डोंगरावरून आलेलं पाणी खाडीकडे निघतं आणि खाडीला भरती असली की रस्त्यातच थांबतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबई परिसरात लेप्टोची साथ आली आणि तोवर वैद्यकाच्या पुस्तकात असलेला हा शब्द चाळींतून, सोसायट्यांतून बोलला जाऊ लागला.

भाईंदरच्या उरलेल्या मिठागरांवर यात कुणी ठपका ठेवू नये. पावसाळ्यात ती बंदच असतात, शिवाय लेप्टोस्पायरा हा जिवाणू खाऱ्या पाण्यात फारसा तग धरत नाही. त्याला हवं असतं साचलेलं गोडं पाणी, ओली माती आणि आपल्याकडची ऊब. तो पाण्यात येतो तो उंदीर-घुशींच्या लघवीतून आणि आपल्या अंगात शिरतो तो पायावरच्या खरचटलेल्या जागेतून, पाण्याने भिजून मऊ पडलेल्या कातडीतून किंवा डोळ्या-तोंडाच्या ओलसर अस्तरातून.

या सगळ्या कथेत मला कायम खटकत आलेली गोष्ट म्हणजे उंदीर. हाच जिवाणू तो आपल्या मूत्रपिंडात महिनोन्महिने, कधीकधी जन्मभर बाळगतो आणि धडधाकट राहतो. माणसाला मात्र त्यापायी कावीळ होते, मूत्रपिंडं बंद पडतात, वेळप्रसंगी फुप्फुसांत रक्तस्राव होतो. गटारात राहणाऱ्या प्राण्याची 'सवय' असं म्हणून हा प्रश्न झटकता येतो. खरं उत्तर बरंच नेमकं आहे.

नवा जंतू अंगात शिरल्यावर त्याच्याविरुद्ध खास प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा तरी लागतो. लसी ज्या प्रतिकारशक्तीला शिकवतात ती ही. तोवरचा सगळा भार जन्मजात प्रतिकारशक्तीवर असतो. ती अमुक एका जंतूला ओळखत नाही. तिच्याकडे ठरावीक खुणांची एक जुनी यादी आहे आणि त्या खुणा आपल्या पेशींच्या अंगावर कधीच नसतात. अनेक जिवाणूंच्या बाह्य आवरणात असलेला लायपोपॉलिसॅकराइड हा साखर-चरबीचा रेणू, जिवाणूच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन, विषाणूंचा दुपदरी आरएनए, अशा त्या खुणा. जंतूला त्या सहज टाकून देता येत नाहीत, कारण त्याचं जगणंच त्यांवर चालतं. येल विद्यापीठातल्या चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली हा तर्क मांडला, तेव्हा तो निव्वळ तर्कच होता. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाला असं आढळलं की टोल नावाचं जनुक बिघडलेली फळमाशी बुरशीने मरते. पुढच्याच वर्षी जेनवे आणि रुस्लान मेझितोव्ह यांनी माणसातला टोलचा भाऊबंद शोधला. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी एका विचित्र उंदराचं कोडं सोडवलं. सी-थ्री-एच-एचईजे या वाणाच्या उंदरांना लायपोपॉलिसॅकराइड कितीही टोचलं तरी काही होत नसे आणि साल्मोनेला मात्र त्यांना चटकन मारी. त्यांच्या टीएलआर-४ या टोलसारख्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे पेशीवरच्या खूण ओळखणाऱ्या प्रथिनात, एकच अमिनो आम्ल बदललेलं निघालं. खूण समोर होती, ती वाचणारा डोळा अधू होता. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं. जेनवे २००३ मध्येच गेले होते.

माणसात असे दहा टोल-लाइक रिसेप्टर आहेत, आणि त्यांच्याखेरीज इतर घराण्यांतलेही बरेच. त्यातला टीएलआर-४ मॅक्रोफेज या मोठ्या भक्षक पेशीवर असतो. त्याला लायपोपॉलिसॅकराइड सापडलं की काही मिनिटांत पेशीच्या आत आज्ञांची साखळी सुरू होते आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ हे संदेशरेणू रक्तात उतरतात. रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूतलं तापमानाचं केंद्र वर सरकतं, यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवायला घेतं. लॅबच्या रिपोर्टात 'सीआरपी वाढलेला' असं जे लिहून येतं ते हेच. हे प्रथिन नुसतं मोजायच्या कामाचं नाही, तेही जिवाणूच्या पृष्ठभागाला चिकटून भक्षक पेशींसाठी त्याच्यावर खूण करतं.

आता लेप्टोस्पायरा. त्याच्या आवरणातही लायपोपॉलिसॅकराइड असतं, पण त्याच्या चरबीच्या टोकाची घडण इतर जिवाणूंहून वेगळी आहे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कॅथरीन वेर्ट्स यांच्या गटाने २००१ आणि २००५ मध्ये दाखवून दिलं की माणसाचा टीएलआर-४ ती खूण वाचूच शकत नाही आणि उंदराचा टीएलआर-४ ती वाचतो. टीएलआर-४ निकामी असलेल्या, एरवी चिवट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांना लेप्टो दिला तर तेही मरतात. म्हणजे उंदराचं संरक्षण सवयीत नव्हतं, ते या एका रिसेप्टरच्या आकारात होतं. एवढं करूनही हा जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडातून पुरता हटत नाही. त्याची संख्या मर्यादेत राहते इतकंच. उंदराला ते पुरतं आणि आपल्याला महाग पडतं.

लेप्टोची लपण्याची तऱ्हा इथेच थांबत नाही. इतर जिवाणूंची शेपटी बाहेर वळवळते, याची आवरणाच्या आत दुमडलेली असते. त्यामुळे फ्लॅजेलिन ओळखणाऱ्या टीएलआर-५ ला बराच काळ काही दिसत नाही. रक्तात काँप्लिमेंट नावाची प्रथिनांची एक माळ सतत फिरत असते. ती कुठल्याही पृष्ठभागावर बसू पाहते, आणि आपल्या पेशी फॅक्टर-एच हे प्रथिन अंगाला लावून तिला परतवतात. पृष्ठभाग परका असेल तर ही प्रथिनं शेवटी त्याच्या आवरणाला आरपार भोक पाडतात. लेप्टो आपल्याच रक्तातला फॅक्टर-एच ओढून घेऊन अंगावर पांघरतो. माणसाच्या टीएलआर-२ ला त्याच्या काही प्रथिनांची चाहूल लागते, पण तोवर तो यकृतापर्यंत पोचलेला असतो.

मुंबईला उंदरांवाटे आलेलं दुखणं म्हटलं की जुन्या माणसांना आधी प्लेग आठवतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. सरकारने व्लादिमिर हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावलं. हाफकिन हे ओडेसात इल्या मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी. मेचनिकॉफ पुढे पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले, तिथे हाफकिनही पोचले आणि जागा नव्हती म्हणून सुरुवातीला ग्रंथालयात मदतनीस झाले. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचून तिच्या फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा होतात हे पाहणारे ते हेच मेचनिकॉफ. भक्षक पेशींची कल्पना तिथून निघाली आणि १९०८ चं नोबेल त्यांना पॉल अर्लिखबरोबर विभागून मिळालं. त्यांच्या शिष्याने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मारलेल्या प्लेग-जिवाणूंची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच साथीत दोन महिन्यांनी सावित्रीबाई फुले गेल्या. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच, हे नाव तिला १९२५ मध्ये मिळालं.

हाफकिन यांना माहीत असणं शक्य नव्हतं ते असं. प्लेगचा जिवाणू पिसवेच्या पोटात, बाहेरच्या हवेइतक्या तापमानात असतो तेव्हा त्याच्या लायपोपॉलिसॅकराइडला चरबीच्या सहा शेपट्या असतात, आणि टीएलआर-४ अशा खुणेवर जोरात चाळवतो. तोच जिवाणू ३७ अंशांच्या रक्तात आला की नव्या खुणेवर चारच शेपट्या ठेवतो, आणि टीएलआर-४ गप्प राहतो. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी प्लेगच्या जिवाणूत फेरफार करून त्याला ३७ अंशांतही सहा शेपट्या ठेवायला भाग पाडलं. बाकीची सगळी हत्यारं शाबूत असलेला तो जिवाणू प्रयोगशाळेतल्या उंदरांना मारू शकला नाही.

लेप्टो आणि प्लेग दोघेही एकाच रिसेप्टरला चकवतात, पण एक फरक ठेवून. प्लेग उंदरालाही सोडत नाही. प्लेगात माणसांआधी उंदीरच मरत. 'उंदीर पडले' म्हणताच घर सोडून माळावर झोपडी घालायची, हे महाराष्ट्राने त्या काळात शिकून घेतलं होतं. लेप्टोत उंदीर पडत नाहीत. धोक्याची घंटा वाजवणारा प्राणी इथे मजेत फिरत असतो आणि साथ आल्याचं कळतं ते थेट माणसांच्या रांगेवरून.

आता जंतूला मारण्याचं. पाठ्यपुस्तकांतली सैन्याची उपमा मला फारशी आवडत नाही, कारण प्रत्यक्षातलं काम जास्त रासायनिक आणि जास्त घाणीचं आहे. अस्थिमज्जा रोज सुमारे शंभर अब्ज न्यूट्रोफिल या भक्षक पांढऱ्या पेशी बनवते. संदेश मिळाला की रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाचे हात उगवतात. न्यूट्रोफिलच्या अंगावरच्या एका विशिष्ट साखरेला ते पकडतात, पेशी वाहणं सोडून भिंतीवर गडगडत जाते, मग घट्ट चिकटते आणि दोन पेशींमधून बाहेर घुसते. जंतू गिळल्यावर ती ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवते, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि त्यात क्लोराइड मिसळून हायपोक्लोरस आम्ल. पाणी ओसरल्यावर महापालिकेचे कर्मचारी गल्लीत जी टीसीएल पावडर मारतात, तिच्यातलं जंतुनाशक द्रव्य हेच. शेवटची पायरी करणारं एन्झाइम हिरवट रंगाचं असतं आणि पुवाला, सर्दीच्या शेंबडाला येणारी हिरवट झाक त्याचीच.

यातली प्रत्येक पायरी खरोखर लागते, हे ती नसलेल्या मुलांमुळे कळलं, आणि अशा मुलांचं निदान करणारी देशातली एक महत्त्वाची प्रयोगशाळा परळलाच आहे. केईएम रुग्णालयाच्या आवारातली ही राष्ट्रीय प्रतिकाररक्तशास्त्र संस्था हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या आजारात न्यूट्रोफिल जंतू गिळतात, पण सुपरऑक्साइड बनवू शकत नाहीत. साधी चाचणी अशी की पिवळा एनबीटी रंग निरोगी पेशीत निळा-जांभळा होतो, या मुलांत तो पिवळाच राहतो. आता हेच फ्लो सायटोमीटरवर अधिक नेमकं पाहतात. आपल्याकडे जन्मल्यावर लगेच बीसीजी देतात. या मुलांत कधीकधी ती लसच काखेतली गाठ बनून पसरते आणि पहिली शंका तिथून येते. दुसरा आजार पेशी भिंतीला न चिकटण्याचा. त्यात बाळाची नाळ महिना उलटला तरी पडत नाही आणि जखम होते पण तिच्यात पू धरत नाही. पू नसणं हे चांगलं लक्षण समजून घरचे निर्धास्त राहतात.

या आजाराच्या दुसऱ्या प्रकाराचा धागा पुन्हा परळलाच येतो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक अनोखा रक्तगट नोंदवला. त्याला जगभर 'बॉम्बे' म्हणतात. त्यात तांबड्या पेशीवर फ्युकोज ही साखर बसत नाही. १९९२ मध्ये इस्रायलमधल्या दोन मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होत होता. त्यांचा रक्तगट तपासला तर तो बॉम्बे निघाला. त्यांच्या शरीरात फ्युकोज कुठेच नीट बसत नव्हतं, आणि सिलेक्टिन न्यूट्रोफिलला ज्या साखरेने पकडतं तिच्यातही फ्युकोज लागतं. त्यामुळे पेशी भिंतीवर गडगडतच नव्हत्या. आपल्याकडच्या बॉम्बे गटाच्या माणसांनी घाबरायचं कारण नाही. त्यांचा बिघाड तांबड्या पेशीवर फ्युकोज बसवणाऱ्या एन्झाइमपुरता असतो, पांढऱ्या पेशींची व्यवस्था वेगळी आणि शाबूत असते. त्यांची अडचण रक्त मिळण्याची.

लेप्टोच्या रुग्णाला हे सगळं यंत्र मिळालेलं असतं, ते सुरू उशिरा होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी सीबीसीत न्यूट्रोफिल वर चढलेले दिसतात, प्लेटलेट उतरतात, सीआरपी उंच जातो. तोवर जिवाणू इतके झालेले असतात की उशिरा पेटलेला दाह स्वतःच मूत्रपिंडं आणि फुप्फुसं जखमी करू लागतो. म्हणून घाण पाण्यातून चालून आलेल्याला ताप यायची वाट न पाहता एक ते तीन दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगतात. शरीराने ओळखायच्या आधी औषधाने गाठावं, असा त्यामागचा हिशेब. ताप चढल्यावर आलेल्या काही रुग्णांत उलटंच दिसतं. पेनिसिलिनची पहिली मात्रा गेली की काही तासांत थंडी भरते, ताप आणखी वाढतो, रक्तदाब घसरतो. नातेवाईक म्हणतात, इंजेक्शन लागलं नाही. खरं तर औषधाने जिवाणू फुटलेले असतात, आत दडवलेलं सगळं एकदम रक्तात सांडलेलं असतं, आणि इतके दिवस गप्प बसलेले रिसेप्टर आता ते वाचू लागलेले असतात. पहिल्या मात्रेनंतरचे ते काही तास वॉर्डातल्या नर्सला सारखं येऊन बीपी बघायला लागतं.