केशवाहिन्यांचा दाह आणि मूत्रपिंड : वैद्याचे पहिले कर्तव्य

मूत्रपिंडाचा रुग्ण आपल्या चिकित्सालयात क्वचितच त्या नावाने येतो. कुणाच्या डोळ्यांखाली सकाळी सूज असते, कुणाचे सांधे धरलेले असतात, कुणाच्या पायांवर तांबडे ठिपके उठलेले असतात. झरी जामणी, केळापूर, उमरखेड अशा तालुक्यांतील रुग्ण पुष्कळदा प्रथम वैद्याकडेच येतो. म्हणून रोगप्रतिकारशक्तीच्या विकृतीने मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना होणाऱ्या इजेचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

विकृती कशी घडते?

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात व प्रत्येकाच्या मुखाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. हे सर्व गुच्छ मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातून अखेर १ ते २ लिटर मूत्र उरते. इतके रक्त येथे दाबाखाली वाहत असल्याने प्रतिकारशक्तीचा बिघाड या गुच्छांत लवकर उमटतो.

त्याचे मुख्य मार्ग तीन. पहिल्यात प्रतिपिंडांची संयुगे केशवाहिनीच्या भिंतीत साचतात. ल्युपस, १९६८ साली पॅरिसच्या बर्जे यांनी वर्णिलेला आयजीए विकार आणि पिकलेल्या खरजेनंतर मुलांना होणारा वृक्कदाह हे या गटातले. दुसऱ्यात, म्हणजे १९८२ साली ऑस्ट्रेलियात प्रथम नोंदल्या गेलेल्या ‘अँका’ प्रतिपिंडांच्या विकारात, चेतवलेल्या श्वेतपेशीच भिंत फोडतात. तिसऱ्यात प्रतिपिंडे भिंतीच्या आधारपटलावर थेट हल्ला करतात. भिंत फाटली की रक्तपेशी व प्रथिने मूत्रात उतरतात. दाह तीव्र असल्यास काही आठवड्यांत गुच्छ कायमचे निकामी होतात.

चरकाचार्यांनी स्रोतोदुष्टीची अतिप्रवृत्ती, संग, सिराग्रंथी व विमार्गगमन अशी चार लक्षणे सांगितली आहेत. मूत्रमार्गाने जाणाऱ्या रक्तात विमार्गगमन व बुजलेल्या गुच्छात संग पाहता येतो. मात्र हे साम्य आकलनापुरते आहे. त्यावरून प्रयोगशाळेतील तपासणी टाळता येत नाही.

काय तपासावे?

सूज, ठिपके, सांधेदुखी किंवा काळ्या चहासारखे मूत्र असलेल्या प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब मोजावा. ताज्या मूत्रात अल्ब्युमिन व रक्तपेशी पाहाव्यात आणि रक्तातील क्रिएटिनिन करून घ्यावे. मूत्रदाह नाही म्हणून मूत्रविकार नाही, असे समजू नये. आपल्या जिल्ह्यात अशा तक्रारींचे खापर फ्लोराइडयुक्त पाण्यावर किंवा फवारणीवर सहज फोडले जाते. सिकलसेलच्या रुग्णातही मूत्रात रक्त येऊ शकते. ही कारणे खरी असू शकतात, परंतु ती गृहीत धरू नयेत.

खरजेनंतरचे मूल बहुधा बरे होते. तरी त्याचा रक्तदाब सांभाळावा लागतो. मूत्रात रक्त असून खोकल्यातून रक्त पडत असेल, क्रिएटिनिन वाढत असेल किंवा मूत्र घटत असेल, तर त्याच दिवशी यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वा नागपूरच्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडे चिठ्ठीसह पाठवावे. अँका विकारात स्टेरॉइडसह सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब वेळेत सुरू झाल्यास मूत्रपिंड वाचू शकते. तेथे पुनर्नवा-गोक्षुरावर महिना घालवणे रुग्णाला परवडणारे नाही. तज्ज्ञांनी सुरू केलेले स्टेरॉइड आपल्या सल्ल्याने एकाएकी बंद होऊ नये, हेही पाहावे.

औषधालयांची भूमिका

२०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केशवाहिनीची भिंत जाड होऊन प्रथिने गळणाऱ्या एका प्रतिकारजन्य विकाराच्या अनेक रुग्णांनी पारंपरिक औषधे घेतली होती. त्यांतील काही औषधांत पारा आढळला आणि औषध थांबवल्यावर अनेकांचा प्रथिनस्राव ओसरला. हा आपल्या शास्त्रावरचा आघात मानून झटकून टाकणे योग्य नाही. औषध कायद्याच्या नियमांतील ई-१ परिशिष्टात पारदाची गणना आहे आणि अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना देणे बंधनकारक आहे.

म्हणून औषधविक्रेत्यांनी रसकल्प चिठ्ठीविना देऊ नयेत व निनावी पुड्या ठेवू नयेत. वैद्यांनी रसकल्पापूर्वी व नंतर मूत्रातील अल्ब्युमिन पाहावे. ते आढळल्यास कल्प त्वरित थांबवावा. मूत्रपरीक्षा आपल्या परंपरेला परकी नाही. ती नेमाने करणारा वैद्यच या गुपचूप वाढणाऱ्या व्याधीला वेळेत गाठू शकेल, असा आमचा विश्वास आहे.