बालसाहित्याचे वाटाडे : भाग ७
नकाराला पुरून उरलेले मतकरी

जे. के. रोलिंग यांचं 'हॅरी पॉटर' बारा प्रकाशकांनी साभार परत केलं आणि १९९७ मध्ये ब्लूम्सबरीने छापलं, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्याला नकाराचं पत्र क्वचितच येतं. 'पोरासोरांचं तर आहे' एवढं म्हटलं की विषय संपतो. या उपेक्षेला रत्नाकर मतकरी जवळपास साठ वर्षं पुरून उरले. त्यांच्या कामाचा एक मोलाचा टप्पा ठाण्यात घडला.

मतकरींचा जन्म १७ नोव्हेंबर १९३८ चा, मुंबईतला. सुधा करमरकरांच्या 'लिटल थिएटर'ने १९५९ मध्ये त्यांचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं, तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. पण दुसऱ्या कुणी आपलं नाटक करावं म्हणून ते वाट बघत बसले नाहीत. १९६२ मध्ये त्यांनी 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली. पोटासाठी बँक ऑफ इंडियातली नोकरी होती. ती १९७८ मध्ये सोडेपर्यंत बँक आणि नाटक यांची ओढाताण चालूच राहिली. त्यातूनच 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अचाटगावची अफाट मावशी' आणि 'अलबत्या गलबत्या' आली. 'अलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली.

बालनाट्याला निर्माते का बिचकतात? तिकीट स्वस्त ठेवावं लागतं. प्रयोगांचा खरा हंगाम म्हणजे मे महिना आणि दिवाळीची सुट्टी. राक्षस, राजवाडा, जंगल, नाचगाणी यांचा खर्च मात्र मोठ्यांच्या दिवाणखानी नाटकापेक्षा कमी नसतो. त्यातच दर पाच-सहा वर्षांनी सगळा प्रेक्षक मोठा होऊन निघून जातो. मुलांच्या नाटकाची दखलही फारशी कुणी घेत नाही. अशा व्यवहारात टिकायचं, तर दर पिढीला नव्याने आवडेल असंच लिहावं लागतं.

मतकरींनी तसं लिहिलं, याचा पुरावा २०१८ मध्ये मिळाला. 'अलबत्या गलबत्या' नव्या संचात आलं, वैभव मांगले चेटकीण झाले आणि नाट्यगृहांवर 'हाऊसफुल्ल'च्या पाट्या झळकल्या. ठाण्याचं गडकरी रंगायतन, कल्याणचं अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले नाट्यगृह, कुठेही बालनाट्याला जाऊन बघा. लांब नाकाची चेटकीण आली की पुढच्या रांगेतलं पोर आईच्या कुशीत शिरतं, आणि दुसऱ्याच क्षणी डोकं वर काढून तिला दटावतं. शेजारी बसलेली आजी खुदकन हसते, कारण लहानपणी तिनेही हेच केलेलं असतं. २०१८ मध्येच साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मतकरींना मिळाला. 'बालनाट्य' सुरू होऊन तेव्हा छप्पन्न वर्षं झाली होती.

पण नाट्यगृहाचं दार ज्यांच्यासाठी उघडतच नाही, अशी मुलं उरतातच. ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी मतकरींनी सत्तरी ओलांडल्यावर समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. आपली तयार नाटकं त्यांनी या मुलांच्या हाती दिली नाहीत. मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय घ्यायचे, आपणच लिहायचं, बसवायचं आणि करायचं, अशी त्यामागची कल्पना होती. जन्मभर मुलांसाठी लिहिलेल्या माणसाने मुलांना लिहितं केलं, हे मला त्यांच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं.

१७ मे २०२० रोजी करोनाने मतकरींना नेलं. चिकाटी म्हणजे एकाच दारावर धडका मारत राहणं, अशी आपली समजूत असते. मतकरींची चिकाटी वेगळी होती. दार उघडलं नाही तर ते स्वतःचा मंच उभारत, आणि पुढे त्या मंचावर इतरांनाही जागा करून देत.

पालकांना एवढंच सांगणं आहे की येत्या सुट्टीत मुलांना एक तरी बालनाट्य दाखवा, आणि शक्य असेल तर घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलांचंही तिकीट काढा. तुमच्या मुलाने वहीत चार ओळींचं नाटक लिहिलं, तर ते 'पोरासोरांचं' म्हणून बाजूला ठेवू नका. बसून वाचा.