एका चुकीच्या पत्त्यामुळे सगळ्यांची मेल अडते का?

वार्षिक सभेची नोटीस जात नाही, ऑफिसचं परिपत्रक अडकतं, आणि निदान आधीच ठरलेलं असतं: ‘यादीत एक पत्ता चुकलाय, म्हणून सर्व्हर कुणालाच पाठवत नाही.’ मग कुणा बिचाऱ्याला अख्खी यादी हाताने तपासायला बसवतात. हा छळ आहे आणि तो गैरसमजातून होतो.

मेल ज्या नियमांनी चालते त्या एसएमटीपीत पाठवणारा प्रत्येक पत्ता स्वतंत्रपणे सांगतो आणि समोरचा सर्व्हर प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देतो. पहिल्याला २५०, म्हणजे मान्य. दुसऱ्याला ‘५५० ५.१.१’, म्हणजे असा वापरकर्ता नाही. तिसऱ्याला पुन्हा २५०. मजकूर त्यानंतर जातो, मान्य झालेल्या दोघांसाठी. हे नवीन नाही. एसएमटीपीचे नियम ठरवणाऱ्या १९८२ च्या आरएफसी ८२१ या दस्तऐवजात असंच आहे आणि २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही.

मग मेल अडते ती कुठे? बहुतेकदा पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये! जावामेलमध्ये ‘सेंडपार्शल’ नावाची सेटिंग मुळात बंद असते. ती बंद असताना एक पत्ता नाकारला गेला, तर प्रोग्राम कुणालाच मेल पाठवत नाही. पायथॉनच्या एसएमटीपीलिबचं नेमकं उलट. एक जरी पत्ता मान्य झाला तरी ते मेल पाठवतं आणि नाकारलेल्यांची यादी परत देतं. ती यादी कोड लिहिणाऱ्याने वाचलीच नाही, तर कुणाला मेल गेली नाही हे कळणारच नाही.

आणखी एक. तुमच्या सर्व्हरला स्वतःच्या डोमेनवरचे वापरकर्ते ठाऊक असतात, अस्तित्वात नसलेलं डोमेनही तो लगेच ओळखू शकतो. पण दुसऱ्याच्या डोमेनवरचं चुकलेलं नाव त्याला सहसा पुढे मेल देतानाच कळतं. तोवर बाकीच्यांची मेल मार्गी लागलेली असते. तुमच्याकडे फक्त त्या एका पत्त्याचा बाउन्स, म्हणजे मेल न पोचल्याची सूचना, येतो.

म्हणून यादी नंतर, आधी सर्व्हरचा लॉग उघडा. सर्व्हर पोस्टफिक्स असेल, तर ते प्रत्येक पत्त्यासाठी स्टेटसची वेगळी ओळ लिहितं: ‘सेंट’, ‘बाउन्स्ड’ किंवा ‘डिफर्ड’. ‘रिजेक्ट’ची ओळ आहे, पण त्या मेलसाठी स्टेटसची एकही ओळ नाही, तर पाठवणाऱ्या प्रोग्रामने माघार घेतली असं समजा. नाकारलेला पत्ता त्या ‘रिजेक्ट’च्या ओळीतच लिहिलेला असतो.

असेच आणखी काही गैरसमज आहेत. ‘५५० आलं म्हणजे पत्ताच चुकीचा.’ नाही. पुढे ५.७.१ असेल तर धोरण म्हणून नकार दिलाय, पत्ता बरोबर असू शकतो.

‘पुन्हा पुन्हा पाठवली की जाते.’ पाचने सुरू होणारा नकार कायमचा असतो. चारने सुरू होणारा तात्पुरता, आणि तेव्हा सर्व्हर आपणहून प्रयत्न करत राहतो. आरएफसी ५३२१ त्यासाठी किमान चार-पाच दिवस सांगतं.

‘बाउन्स आला नाही म्हणजे पोचली.’ फार तर समोरच्या सर्व्हरने जबाबदारी घेतली, एवढाच त्याचा अर्थ. मेल स्पॅममध्येही पडलेली असू शकते.