दारू सोडायची आहे, पण जायचं कुठं? बारामती-इंदापूरच्या घरांसाठी 'ए.ए.' मीटिंगची माहिती

रमजानचा चाँद दिसला की बाटली बंद आणि ईद झाली की पुन्हा सुरू. आपल्या मोहल्ल्यात अशी घरं आहेत. सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे आम्हाला ते मुलांवरून कळतं. मुलगा वर्गात पेंगतो, पालकसभेला नेहमी आईच येते. वडिलांचं विचारलं तर खाली बघून म्हणते, "सर, उनकी तबियत ठीक नहीं रहती."

दारू हराम आहे हे पिणाऱ्यालाही ठाऊक असतं. रोज रात्री तो तौबा करतो, सकाळी हात थरथरायला लागले की मोडतो. बुखारी शरीफमध्ये एका सहाबींचा प्रसंग आहे. दारूसाठी त्यांना पुन्हा पुन्हा शिक्षा झाली होती. कुणीतरी त्यांच्यावर लानत केली, तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) त्या माणसाला रोखलं, याचं अल्लाह आणि रसूलवर प्रेम आहे, असं सांगितलं. गुन्हा गुन्हाच राहिला, पण माणसाला हाकललं नाही. आपण मात्र आधी माणसालाच हाकलतो.

आधी डॉक्टर

रोज भरपूर पिणाऱ्याने पहिल्या रोजाला एकदम दारू तोडणं धोक्याचं ठरू शकतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत घाम, थरकाप, झोप उडणं, भास होणं, फिट येणं असे त्रास होतात; वेळेवर उपचार नाही मिळाले तर जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरांना खरं सांगा. बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे मानसोपचार विभागात विचारा. इंदापूरकरांनी सरकारी रुग्णालयापासून सुरुवात करावी. दारू सोडवायची गोळी जेवणातून गुपचूप देऊ नका. त्यावर दारू प्यायली तर माणूस गंभीर होतो.

मग मीटिंग

औषधाने शरीर सावरतं. पण सहा महिन्यांनी लग्नात मित्राने ग्लास पुढे केला की काय करायचं? त्यासाठी 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', म्हणजे ए.ए. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलून सावरले. तिथून हे सुरू झालं. भारतात १९५७ पासून आहे.

आत काय होतं? दहा-वीस माणसं खुर्च्यांवर बसतात. एकेक जण स्वतःचं पहिलं नाव सांगतो, आपण दारुडे आहोत हे कबूल करतो आणि आपली गोष्ट सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. एक-दीड तासात संपतं. फी नाही, शेवटी थैली फिरते, जमेल ते टाका, नाही टाकलं तरी हरकत नाही. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हा तिथला दंडक. आयुष्यभराची शपथही कुणी मागत नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही.

आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न असतो: "तिथं दुसऱ्या धर्माची प्रार्थना तर नाही ना?" ए.ए. कुठल्याही धर्माशी बांधलेली नाही. ईश्वर ज्याला जसा उमगला तसा, असंच ते मानतात. त्यांची छोटी प्रार्थना होते तेव्हा तुम्ही मनात दुआ मागा. मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये असली तर ती फक्त मिळालेली जागा असते.

शोधायची कशी?

१४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, फोन मोफत. ए.ए.च्या भारतीय संकेतस्थळावर गावानुसार मीटिंग शोधता येते. वार आणि जागा बदलते, म्हणून निघण्याआधी फोन करा. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण आहे. भरती करायची वेळ आली तर तिथे विचारा. पुढच्या पाठपुराव्याचंही तिथेच विचारून घ्या.

गावात ओळख निघेल ही भीती असेल तर इंदापूरच्या माणसाने बारामतीला किंवा पुण्याला जावं. ऑनलाइन मीटिंगही होतात. आणि जवळ एकही गट नसेल तर? दारू सोडू पाहणारे दोन-तीन जण नेमाने एकत्र बसले तरी ए.ए.चा गट होतो. रविवारी शाळेच्या खोल्या रिकाम्याच असतात. आमच्यासारख्या शिक्षकांनी आणि मशिदीच्या ट्रस्टींनी जागेसाठी नाही म्हणू नये.

घरच्यांसाठी

बायको, आई, मुलं यांच्यासाठी 'अल-अनॉन' नावाचे वेगळे गट असतात. दारू तुमच्यामुळे लागलेली नाही, हे तिथं पहिल्यांदा कळतं. माणूस यायला तयार नसला तरी घरचे एकटे जाऊ शकतात.

मध्येच पाय घसरला तर? दुसऱ्या दिवशी पुन्हा मीटिंगला जायचं. तिथं बसलेल्यांपैकी अनेकांचा पाय घसरलेला असतो, म्हणून दार कुणी लावत नाही. आपणही घराचं आणि मोहल्ल्याचं दार लावू नये. पुढच्या पालकसभेला त्या मुलाचे अब्बाही आले, तर त्यांना पुढच्या बाकावर बसवायची जबाबदारी आमची.