पडद्यावरचा डॉक्टर किती उपयोगाचा?

'ई-संजीवनी' ही केंद्र सरकारची दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. २०२० च्या टाळेबंदीत ती घरी बसलेल्या रुग्णांनाही खुली झाली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी पडद्यावरून रुग्णाची मोठ्या डॉक्टरांशी गाठ घालून देतात.

मात्र किती सल्ले दिले, एवढ्यावरून सेवेचे मोल ठरत नाही. सांगितलेले औषध उपकेंद्रात मिळाले का? पुढे पाठवलेला रुग्ण जिल्हा रुग्णालयात पोहोचला का? तेथील निदान गावच्या उपकेंद्राला कळले का? खरी कसोटी येथेच लागते.

वाचकहो, चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक अवश्य पाहावा. पडद्यावरून पोट दाबून पाहता येत नाही. छातीत कळ, धाप वा बेशुद्धी असल्यास थेट १०८ ला फोन करावा.