मागावर कोण बसतं आणि खुर्चीवर कोण?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बसमध्ये, लोकलमध्ये, जेवताना, कुठेही वाचा. दहा मिनिटांचं काम आहे.

एक साडी डोळ्यांसमोर आणा. महेश्वरी. हलकी, काठ ठसठशीत, पदरावर पट्टे. इन्स्टावर तिचा फोटो असतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'महिला कारागिरांनी विणलेली'. आपल्याला बरं वाटतं, आपण लाईक करतो आणि पुढे जातो. मला आज इथेच थांबायचंय. कारण या एका ओळीत तीन वेगवेगळे प्रश्न दडलेत. काम कोण करतं? ठरवतं कोण? आणि मालक कोण? या तिन्हींचं उत्तर 'महिला' असेलच असं नाही.

आधी काम. 2019-20 च्या हातमाग गणनेनुसार देशात हातमागावर काम करणारे सुमारे 35 लाख लोक आहेत आणि त्यातल्या 25 लाखांहून जास्त बायका आहेत. म्हणजे हा धंदा बायकांचाच म्हणायला हवा. पण विणकराच्या घरात डोकावलं की गंमत कळते. सूत उकलणं, कांड्या भरणं, ताणा तयार करायला मदत करणं ही कामं घरातल्या बायकांची. त्याशिवाय धोटा एक इंचही पुढे सरकत नाही. तरी अनेक ठिकाणी मागावर बसतो तो विणकर आणि बाकीच्या 'हातभार लावतात'. मजुरी साडीमागे ठरते आणि मागावर बसणाऱ्याच्या हातात पडते. कांड्या भरणारीचा हिशेब वेगळा लागतच नाही.

म्हणून महेश्वरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठावरचं गाव. आपल्या अहिल्याबाई होळकरांची राजधानी. चौंडीला 1725 साली जन्मलेल्या या बाईने 1767 ते 1795 राज्य चालवलं आणि बाहेरून विणकर आणून महेश्वरात वसवले, असं सांगतात. महेश्वरी नऊवारी महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या ट्रंकांमध्ये पोचली, त्याची मुळं या होळकरशाहीतली. काठावरची नक्षीसुद्धा गावातलीच: नर्मदेच्या लाटा, चटईची वीण, किल्ल्याच्या भिंतीवरचे आकार. काठ असा विणतात की साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते.

पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला मोडकळीला आली. यंत्रमागाचं स्वस्त कापड आलं आणि विणकर दुसऱ्या कामांकडे वळायला लागले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड होळकर आणि त्यांच्या तेव्हाच्या पत्नी सॅली होळकर यांनी 'रेहवा' ही संस्था सुरू केली. नाव नर्मदेच्या 'रेवा' या नावावरून. सॅली मूळच्या अमेरिकन. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल.

रेहवाने केलेली महत्त्वाची गोष्ट दिसायला साधी आहे: बायकांना मागावर बसवलं. कांड्या भरायला नाही, विणायला. यात काय मोठं, असं वाटेल. पण मागावर बसली की साडीची मजुरी तिच्या नावावर लागते. तिची वीण ओळखू येते. चूक झाली तर तिला विचारतात आणि काम चांगलं झालं तरी तिलाच विचारतात. संस्थेने विणकरांच्या मुलांसाठी शाळा काढली, आरोग्याची सोय केली. हे दानधर्म म्हणून बघू नका. मूल कुठे ठेवायचं हे ठरलेलं नसेल, तर बाई दिवसभर मागावर बसणार कशी? पाळणाघर आणि शाळा हा इथे उत्पादनाचाच भाग आहे, सूत आणि रंगाइतका.

पुढे सॅली होळकरांनी 'विमेनवीव्ह' ही संस्था काढली. तिच्या 'गुडीमुडी' प्रकल्पात अशा बायका आल्या, ज्यांच्या घरात विणकाम कधीच नव्हतं. त्या अंबर चरख्यावर सूत कातायला शिकल्या, मग विणायला. म्हणजे वारसा फक्त रक्तातून येतो हा समजही तिथे बाजूला पडला. शिकवलं की वारसा पुढे जातो.

आता इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. हे सगळं उभं करणारी बाई राजघराण्यातली. शहराशी, परदेशी ग्राहकांशी तिची ओळख. मागावरची बाई आणि बाजारात बोलणारी बाई या दोन वेगळ्या. मग 'महिला नेतृत्व' नक्की कुणाचं? माझं मत असं: सुरुवात कुणीही करू दे. संस्था चांगली की नाही हे दुसऱ्या पिढीत कळतं. खुर्चीवर पुढे कोण बसणार, यावरून.

याचं एक वेगळं उत्तर राजस्थानात मिळतं. बिकानेर भागात अनेक वर्षं ग्रामीण कारागिरांबरोबर काम केल्यावर सुमिता घोष यांनी 'रंगसूत्र' ही कंपनी उभी केली. भांडवल हवं होतं आणि तारण काहीच नाही. मग सुमारे 1000 कारागिरांनी प्रत्येकी 1000 रुपये घातले. झाले 10 लाख. कारागीर स्वतःच शेअरहोल्डर झाले आणि त्यात बहुसंख्य बायका. आज फॅबइंडिया आणि आयकियासारखे मोठे ग्राहक त्यांच्याकडून माल घेतात. 2016 साली सुमिता घोष यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

1000 रुपयांचा एक शेअर म्हणजे काय, तर फक्त कागद? नाही. मजूर आणि मालक यांच्यातली भिंत तिथे पातळ होते. नफा झाला तर त्यात वाटा. कंपनीचा हिशेब मागायचा हक्क. आणि सभेत मत. वर्षानुवर्षं भरतकामाचे पैसे घरातल्या पुरुषाच्या हातात जाताना पाहिलेल्या बाईसाठी स्वतःच्या नावाचा शेअर ही साधी गोष्ट नाही.

आपल्याकडे याच्या जवळचं रूप तुमच्या गावातही असेल: शेतकरी उत्पादक कंपनी. 2003 पासून कायद्यात उत्पादक कंपनीची सोय आहे. किमान दहा उत्पादक एकत्र आले की ती काढता येते. शेतकरीच नाही, विणकर आणि कारागीरही. आणि वैयक्तिक सभासदांच्या अशा कंपनीत एका सभासदाला एकच मत, शेअर कितीही असोत.

म्हणजे मालकी मिळाली की सगळं सुटलं? नाही हो. मूल्यं कसोटीला लागतात ती वाईट दिवशी. समजा, मोठी ऑर्डर आली आणि ग्राहक म्हणाला, भाव कमी करा. कमी केला तर मजुरी कापावी लागते, नाही केला तर ऑर्डर जाते. समजा, शंभर नग तपासणीत नापास झाले. तोटा कुणाचा? जिने टाका घातला तिचा, जिने घाईची तारीख कबूल केली तिचा की कंपनीचा? वेबसाईटवर 'आदर', 'समानता' कुणीही लिहितं. खरं उत्तर या तोट्याच्या वहीत असतं. आणि तिथे मागावरची बाई त्या टेबलाशी बसलेली असेल, तर निर्णय वेगळा होण्याची शक्यता वाढते. 'ही तारीख जमणार नाही, पेरणीचे दिवस आहेत,' हे वेळेवर सांगणारी तीच असते.

म्हणून पुढच्या वेळी 'महिला कारागिरांनी बनवलेलं' असं दिसलं, तर खरेदी जरूर करा, पण विचारा. मजुरी कुणाच्या खात्यात जाते? नापास मालाचे पैसे कोण भरतं? संचालक मंडळात किती कारागीर आहेत? मेसेज टाकायला दोन मिनिटं लागतात. चांगली संस्था आनंदाने उत्तर देते, कारण तिच्याकडे सांगण्यासारखं असतं. गप्प बसली तर तेही उत्तरच समजा.

आणि हो, घरात आजीची किंवा आईची जुनी महेश्वरी असेल तर बाहेर काढा. काठ उलटा करून बघा. दोन्ही बाजू सारख्याच नेटक्या दिसतात का? तसा धंदा असावा, एवढंच माझं म्हणणं. भेटू पुढच्या भागात!