निवृत्त कामगार आणि मनाचा ताण

चिंचवड हे पूर्वी मोरया गोसावींच्या समाधीचे व चापेकर बंधूंचे गाव म्हणून ओळखले जाई. १९५४ साली शेजारी पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि पुढे पवनाकाठच्या या भागाचे रूपच पालटले. त्या वाढीच्या काळात विशी-पंचविशीत कामास लागलेली पिढी आज वार्धक्यात आहे. तिच्या मनावरील ताणाविषयी आम्हांस येथे थोडे विवेचन करावयाचे आहे.

ताण म्हणजे काय? १९३६ साली हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की थंडी, जखम, अतिश्रम, संकट कोणतेही असो, शरीर त्यास पुष्कळ अंशी एकाच रीतीने तोंड देते. मूत्रपिंडांवरील ग्रंथी आपला रस रक्तात सोडतात, नाडी जलद होते, रक्तातील साखर वाढते. घटकाभर ही तयारी उपकारकच असते. पण ती महिनोन्‌महिने टिकली तर झोप जाते, रक्तदाब चढतो, माणूस खंगतो. कारखान्यातील माणसास हे लवकर कळेल: पट्टा ढिला असला तर यंत्र चालत नाही, आणि फार ताणून ठेवला तर बेअरिंग लवकर जाते.

१९६७ साली होम्स व राहे या दोन अमेरिकन संशोधकांनी आयुष्यातील ४३ घटनांना त्यांच्या ताणाप्रमाणे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूस १००, नोकरीवरून काढले जाण्यास ४७, आणि निवृत्तीस ४५. हे आकडे विचार करावयास लावणारे आहेत. एकास शाल-श्रीफळ देऊन निरोप देतात, दुसऱ्यास दारावर अडवितात; मनावरील भारात मात्र अवघ्या दोन गुणांचे अंतर!

असे का व्हावे? एक तर मिळकत तुटते. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचा हिशेब सोपा आहे: हिशेबात धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. २०१३ साली निवृत्त झालेल्या कामगाराचा पगार, हातात कितीही पडो, कमाल मर्यादेमुळे बहुधा ६५०० च धरला गेला. १८ वर्षांचे झाले सुमारे १६७१ रुपये. १९९५ पूर्वीच्या सेवेबद्दल त्यात थोडकी भर पडते, एवढेच. महागाई वाढली म्हणून ही रक्कम आपोआप वाढत नाही. दुसरे, तीन पाळ्यांनी बांधलेला दिवस एकाएकी मोकळा होतो. तिसरे, खात्यात ज्याच्या शब्दाला मान होता, त्याला घरात कोणी काही विचारीत नाही.

या ताणातून सावरण्याच्या रीतींचे लाझारस व फोकमन यांनी १९८४ साली दोन वर्ग केले. जे बदलता येते ते बदलण्याचा प्रयत्न करणे हा एक; जे बदलता येत नाही त्याच्याशी मनाचा मेळ घालणे हा दुसरा. आम्हांस वारंवार असे दिसते, की आपली माणसे यांची अदलाबदल करतात. गेलेल्या वयावर, मुलांच्या बदललेल्या चालीरीतींवर चिडत बसतात. आणि कागदातील चुकलेले नाव मात्र 'चालायचेच' म्हणून तसेच राहू देतात.

वास्तविक कागद बदलता येतो. सभासदाच्या मागे पत्नीस त्याच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते. तिचे नाव व जन्मतारीख आजच तपासावी. दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नये. राज्य विम्याखाली किमान पाच वर्षे राहून वयोमानाने निवृत्त झालेल्यास वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी औषधोपचार मिळतात. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केले आणि सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या कायद्याने ते हस्तांतर रद्द करवून घेता येते. मात्र ती अट लेखी असावी. १४५६७ या दूरध्वनी क्रमांकावर ज्येष्ठांस विनाशुल्क सल्ला मिळतो.

दुसरी रीत दुबळ्यांची आहे असे कोणी समजू नये. जोडीदार गेला, गुडघे गेले, हे कोणत्याही अर्जाने परत येत नाही. तेथे ठरल्या वेळी उठणे, घाटावर फेरी मारणे, भजनात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन बसणे, नातवाला सायकलची साखळी बसवावयास शिकविणे, यांचाच उपयोग होतो. ज्याला आपले दुःख चार माणसांत बोलता येते, त्याचे ओझे हलके होते. आणि हे करूनही महिनाभर झोप नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, तर डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांस आठवड्याची सुट्टी मिळाली. विश्रांतीचा तो दिवस एकेकट्याने मागून मिळाला नसता. म्हातारपणाची विश्रांतीही तशीच आहे. तेव्हा श्रोतेहो, आपल्या आळीत एकटा राहणारा निवृत्त कामगार असेल तर या आठवड्यात त्याच्याकडे जा, त्याचे कागद त्याच्यासोबत बसून पाहा, आणि परत निघताना पुढल्या भेटीचा वार सांगून या.